रामदूताच्या नावाचं कार्ड

कोसमटोल्याच्या तलावावर माणसांची झुंबड उडायची ती वर्षातून एकदा, मासे धरायच्या दिवशी. पण २००६ सालच्या चैत्रात तलावाच्या पाळीवर रोजच जत्रा भरायला लागली. आरमोरीहून जीपगाड्या खच्चून भरून यायच्या. गडचिरोलीच्या एसटीतून लोक फाट्यावर उतरायचे आणि तीन किलोमीटर उन्हात पायी यायचे. मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता, मांडवात कर्णा लावला होता, आणि पारावर लाल गादी टाकून त्यावर एक वानर बसवलं होतं. अंगात भगवं जाकीट, कमरेला साखळी, पुढ्यात पेढ्यांची परात. त्याचं नाव रामदूत. हा रामदूत म्हणे माणसाच्या अंगातला एड्स ओढून घेत होता.

साखळीचं दुसरं टोक कपीश महाराजांच्या हातात होतं. महाराज कुठले, ते कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे सिरोंच्याकडून आले, कोणी म्हणे थेट हिमालयातून. दाढी मात्र नुकतीच वाढवायला घेतलेली दिसत होती. त्यांच्या हातात एक घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण असे आणि बोलायला लागले की ते कात्रण झेंड्यासारखं वर जाई.

"भाइयों और बहनों, डॉक्टर काय म्हन्ते? याले इलाज नाई म्हन्ते. इलाज नाई तं दवाखाना काऊन उघडून ठेवला बाप्पा?"

मांडव हसला.

"हा पेपर पाहा. मी नाई लिहिला. यात छापलं हाय का आफ्रिकेतल्या माकडायच्या अंगात हीच बिमारी हाय. पन त्यायले ताप नाई, खोकला नाई, झाडावर मजेत उड्या मारून राह्यले. अमेरिकेचे मोठमोठे शास्त्रज्ञ बी आता टीका, म्हन्जे लस, बनवाले कोनापाशी आले? माकडापाशी आले. जे त्यायले आज समजलं, ते आपल्या पूर्वजायले त्रेतायुगात मालूम होतं. ते माकडाच्या मांगं धावून राह्यले. आपल्यापाशी तं खुद रामाचा दूत बसला हाय."

मग विधी सुरू व्हायचा. महाराजांचा कंपाउंडर चंदन, चाळिशीतला एक गप्प माणूस, आजाऱ्याच्या बोटाला सर्वांसमक्ष सुई टोचायचा आणि प्लास्टिकच्या नळीत रक्त ओढायचा. त्यातला एक थेंब गुळाच्या खड्यावर टाकून तो खडा रामदूताला खाऊ घालायचे. मग चंदन ती नळी आणि रामदूताला घेऊन भगव्या पडद्यामागे जायचा, त्याच्या बोटातलं रक्त काढायला. देवाच्या अंगातून रक्त निघताना माणसाची नजर पडू नये, असा नियम होता. इकडे पाव तास आरती चालायची. आरती संपली की पितळी ताटात रक्त तपासायची दोन कार्डं बाहेर यायची. कुंकवाचा टिळा लावलेलं कार्ड आजाऱ्याचं, शेंदराचा टिळा लावलेलं रामदूताचं. आजाऱ्याच्या कार्डावर एक रेघ, म्हणजे निल, बिमारी नाही. रामदूताच्या कार्डावर दोन रेघा, म्हणजे बिमारी गेली वानरात. लोक गहिवरून पारावर डोकं टेकायचे.

मांडवाच्या कडेला, डोक्यावरून ओढणी घेऊन साधना उभी होती. पाच कोसांवरच्या सरकारी दवाखान्यात ती एचआयव्ही तपासणीचं काम करायची. असली कार्डं तिच्या हातून दिवसाला दहा जायची. औषधांच्या कोणत्याही ठोक दुकानात ती मिळतात, हेही तिला ठाऊक होतं. ताट तिच्यासमोरून गेलं तेव्हा तिने वाकून पाहिलं. कार्ड खरं होतं. रेघाही खऱ्या होत्या. तेच तर तिला झोंबलं. रंगाने काढलेली रेघ असती तर तिथेच बोटाने पुसून दाखवली असती.

आणि मग पुढचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने ओढणी मागे सारून पाहिलं. पारावर प्रफुल चढत होता, आणि त्याच्यामागून, सातव्या महिन्याचं पोट सावरत, कुंता.

प्रफुल कोसमटोल्याचाच, मासेमार ढिवराचा पोरगा. चार वर्षं कोळशाच्या ट्रकवर काम करून परतला तो खंगूनच. तपासणी साधनाने केली होती, कुंताचीही. रोग कुठून आणला असं गावाने शंभरदा विचारलं. साधनाने एकदाही विचारलं नव्हतं, कारण ते विचारून औषध बदलत नाही. तिने त्याला नागपूरला पाठवून सरकारी गोळ्या सुरू करवल्या होत्या, आणि आठ महिन्यांत त्याचं वजन नऊ किलोने वाढलं होतं. तो पुन्हा जाळं टाकायला लागला होता. कुंताला तिने एकच गोळी दिली होती, जपून ठेवायला. कळा सुरू झाल्या की ती घ्यायची, दवाखान्यात यायचं, आणि बाळ जन्मलं की त्यालाही थेंब पाजायचे. आईचा रोग बाळात जाण्याची शक्यता त्याने निम्म्यावर येते. निम्मी म्हणजे थोडी नव्हे, ज्याला दुसरं काहीच नाही त्याला तर नव्हेच.

ताटात दोघांच्याही कार्डांवर एकेक रेघ आली.

"आता इंग्रजी गोळ्या तलावाले अर्पन करा," महाराज म्हणाले. "रामदूत अन् गोळी, दोघं एका अंगात राहत नाई. गोळी घेसान तं बिमारी वापस येईन, मंग मले दोष देऊ नका."

प्रफुलने डबा उघडला आणि महिन्याभराच्या गोळ्या पाण्यात उधळल्या. कुंताने पदराच्या गाठीतली ती एक गोळी सोडवली, क्षणभर मुठीत धरली आणि टाकून दिली.

साधनाला राहवलं नाही. ती पुढे आली. "प्रफुलभाऊ, असं नका करू. वानरात अशी बिमारी जात नसते. कार्डात काहीतरी गडबड आहे."

"का गडबड हाय?" महाराजांनी गोडपणे विचारलं.

ती पुन्हा ताटातली कार्डं पाहायला वाकली. मांडवातून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, सगळे निल झाले तं तुमची नवकरी जाईन, म्हून पोटात दुखते का?" पुन्हा मांडव हसला. प्रफुलही हसला, आणि ते हसू साधना जन्मभर विसरणार नव्हती. बिचारा किती दिवसांनी चारचौघांबरोबर हसत होता.

दुसऱ्या दिवशी तिने मिळवलेलं ते कात्रण दवाखान्यातल्या डॉ. मडावींसमोर ठेवलं. रंजीता मडावी धानोऱ्याकडच्या गोंड कुटुंबातल्या, बोलायला फटकळ. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बातमी खरी आहे," त्या म्हणाल्या. "खोटी असती तर बरं झालं असतं, फाडून टाकता आली असती. आफ्रिकेतल्या काही जातींच्या माकडांत या विषाणूचा चुलतभाऊ फार जुन्या काळापासून राहतो. त्यांचं एकमेकांशी जमलंय. माकड आजारी पडत नाही आणि विषाणूही अंगातून जात नाही. तोच चुलतभाऊ आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडात घातला, तर ते माणसासारखंच झिजून मरतं. म्हणून लशी आधी त्या माकडांवर तपासतात."

"आणि लस सापडली?"

"एकदा वाटलं होतं, सापडली. मोठी माकडं वाचली. मग तीच पिल्लांना दिली, तर त्या लशीनेच पिल्लं आजारी पडली. ज्यांनी तो प्रयोग केला त्यांनीच ते छापून जगाला सांगितलं."

"लपवलं नाही?"

"लपवलं असतं तर पुढे कोणीतरी ती माणसांच्या लेकरांना टोचली असती. वीस वर्षं झाली, साधना. माकडांचे कळप खर्ची पडले, माणसांच्या हयाती गेल्या, आणि आजही ते लोक म्हणतात की अजून जमलं नाही. आणि हा बुवा त्यांचंच कात्रण नाचवून म्हणतो, पाव तासात करून देतो."

साधनाने कात्रण घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "डॉक्टर, विषाणू वानरात रुजतो की नाही ते सोडा. समजा रुजला. तरी आपलं कार्ड विषाणू पाहतच नाही. विषाणू आल्यावर अंग जे प्रतिद्रव्य बनवतं, ते पाहतं. ते बनायला काही आठवडे लागतात. दहा वाजता गुळाचा खडा खाल्लेल्या वानराच्या कार्डावर सव्वादहाला दोन रेघा येतील कशा?"

"नाही येणार."

"आणि माणसाच्या अंगातलं प्रतिद्रव्य पाव तासात जाईल कसं?"

"नाही जाणार."

"मग ज्या कार्डावर दोन रेघा आहेत ते आजाऱ्याचंच आहे. शेंदूर लावून वानराच्या नावावर खपवतात."

"बरोबर. आणि एक रेघवालं?"

वानराचं रक्त असेल, असा डॉक्टरांनीच अंदाज केला, पण तो अंदाजच होता. चोरी समजली होती, पण चोरीचा माल कुठे ठेवलाय ते दाखवल्याशिवाय गाव कशाला ऐकतं. पोलीस चौकीतल्या जमादाराने तर हात जोडले. "मॅडम, तक्रार कोन देते सांगा. ज्याले फसवलं, तो तं पाया पडून राह्यला."

प्रफुल एकदा दवाखान्यात आला, तेही साधनाने निरोपावर निरोप धाडले म्हणून. तिने त्याचं रक्त त्याच्या डोळ्यांसमोर कार्डावर टाकलं. दोन रेघा आल्या. त्याने त्या पाहिल्या आणि मान हलवली.

"तुमचं कार्ड जुनं असन, मॅडम."

"कालच पाकीट फोडलं, भाऊ."

"मंग तिथचं खोटं अन् इथचं खरं, हे मी कसं मानू? दोन्ही सारखेच दिसतेत." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तुमी म्हन्ता, जिंदगीभर गोळ्या खा. तो म्हन्ते, बरा झाला. तुमीच सांगा, मानूस कोनाचं ऐकन?"

खऱ्याला गिऱ्हाईक नसतं ते असं.

वैशाखात, भर उन्हाच्या दिवसांत, रामदूत मेला. वानर हा पाला खाणारा प्राणी. त्याच्या पोटात महिनाभर पेढे, गूळ आणि केळी कोंबली, अंगात उन्हात जाकीट घातलं, तर आणखी काय होणार? पोट फुगून दोन दिवसांत ते गेलं. महाराजांनी कर्ण्यावरून जाहीर केलं, "रामदूतानं तुमची बिमारी पिली अन् तुमच्यासाठी देह ठेवला." बायका धाय मोकलून रडल्या.

आपल्याकडे वानर मेलं की गाव त्याला माणसासारखं पोचवतं. तिरडी बांधतात, भजनं म्हणत नेतात, मारुतीजवळ पुरतात, पुरुष मुंडण करतात, तेरावं घालतात. ही रीत जुनी आहे आणि तिच्यात मुळात मायाच आहे, नाही कशाला म्हणा. त्या दुपारी पाळीवर न्हावी बसला होता आणि त्याच्यापुढे चाळीस पुरुषांची रांग होती. प्रफुलही रांगेत होता. गळ्याचं हाड वर आलेलं, दोन पावलं टाकून खोकणारा. गोळ्या सोडून त्याला महिना झाला होता.

कुंता महिनाभर तपासणीला आली नव्हती म्हणून साधना पिशवीत दुसरी गोळी आणि तपासणीचं सामान घेऊन त्याच दिवशी कोसमटोल्यात उतरली. मांडवात वानराला आंघोळ घालणं चाललं होतं. आंघोळ घालत होत्या रुखमाबाई, प्रफुलची आई. गावातलं जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा त्यांनीच न्हाऊ घातलेलं आणि मेलेलं प्रत्येक माणूस शेवटचं त्यांनीच. त्या कामात त्यांचा हात गावात कोणी धरत नसे. महाराजांवर त्यांची श्रद्धा अशी की तलावात टाकायला मुलाच्या गोळ्यांचा डबा त्यांनीच शोधून त्याच्या हातात दिला होता.

साधना जवळ जाऊन बसली तेव्हा त्या ओल्या फडक्याने वानराचं बोट न् बोट पुसत होत्या. "पाहा व बाई, हात कसे हायेत. लेकराचेच."

साधनाने पाहिलं. मग नीट पाहिलं. रोज माणसांची बोटं टोचणारी ती बाई, तिला टोचलेलं बोट न सांगता ओळखू येतं.

"रुखमाबाई," ती हळूच म्हणाली, "याचं रक्त कुठून काढत होते?"

"बोटातून म्हने."

"महिनाभर, रोज आठ-दहादा. मले एक तरी टोच दाखवा."

रुखमाबाईंनी वाकून पाहिलं. दोन्ही हातांची बोटं झाली, पायांची झाली. कान उलटून पाहिले, शेपटीचं टोक पाहिलं. मेलेल्या अंगावर कुठे काय आहे ते त्यांच्यापासून लपत नसे. टोच कुठेही नव्हती. होता तो कमरेला साखळीचा घाव, आत गेलेला, पू झालेला. त्यांनी तो घाव ओल्या फडक्याने पुसला, आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "महाराज, याच्या बोटाले टोच नाई जी."

भजन थांबलं. महाराज हसले. "माई, देवाच्या अंगावरचे घाव आपोआप भरतेत."

"मंग कंबरेचा काऊन नाई भरला?"

मांडवात कोणी हसलं नाही. इतके दिवस महाराजांचं उचलली जीभ लावली टाळ्याला असं चाललं होतं. आज जीभ उचलेचना.

साधना उभी राहिली. रामदूताचं रक्त कधी काढलंच नव्हतं, तर ते एक रेघवालं कार्ड भिजत होतं कशाने? पलीकडे चंदन प्रसाद वाटत होता, उजव्या हाताने. डावा हात त्याने दुपट्ट्यात गुंडाळलेला होता आणि तो तसा गुंडाळलेलाच तिने पहिल्या दिवसापासून पाहिला होता.

"चंदनभाऊ, डावा हात दाखव."

तो मागे सरकला. त्याच्या मागे जंगू उभा होता, जाळी ओढून मनगटं लाकडासारखी झालेला ढिवर. त्याने चंदनचा हात धरून दुपट्टा सोडला. पाचही बोटांची टोकं काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती आणि दोन बोटं सुजलेली होती. रांगेतली माणसं, एक जण तर अर्ध्या भादरलेल्या डोक्याने, उठून पाहायला आली.

चंदन मटकन खाली बसला. "मी नवकर हाय जी. पयले एका लॅबमध्ये झाडू मारत होतो, तिथी कार्ड पाहून शिकलो. पेशंटचं रक्त शेंदराच्या कार्डावर टाकाचं, माहं रक्त कुंकवाच्या कार्डावर. बस एवढंच. मले बिमारी नाई, म्हून एकच रेघ येते."

एवढंच. एका माणसाचं बोट आणि दोन टिळे, याच्या जोरावर महिनाभर तीन तालुक्यांचे लोक रडत-हसत होते.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला बाजेवर बसलेली कुंता उठली. बाजेच्या आधाराने ती पुढे आली आणि तिने साधनासमोर हात धरला. "मॅडम, कार्ड हाय ना पिशवीत? घ्या माहं रक्त."

"इथं नको, कुंता. दवाखान्यात चल. ही गोष्ट चार लोकांत करायची नसते."

"चार लोकातच तं निल केलं मले. आता चार लोकातच पाहाचं हाय."

साधनाने सुई टोचली. एक कार्ड कुंताचं, एक चंदनचं. टिळे लावले नाहीत, पेनाने नावं लिहिली आणि त्याच पितळी ताटात सर्वांसमोर ठेवली. पाव तास कोणी आरती म्हटली नाही. तलावावरून गरम वारा येत होता आणि प्रफुल तेवढा खोकत होता. चंदनच्या नावावर एक रेघ उमटली. कुंताच्या नावावर दोन.

कुंताने त्या दोन रेघांकडे पाहिलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता. माणसाचं भलं करताना त्याच्या हातातली आशा अशी हिसकावून घ्यावी लागते, हे काम साधनाला त्या दिवशी फार नकोसं झालं. तिने कुंताला जवळ धरलं आणि पिशवीतली दुसरी गोळी काढली. ती गोळी कुंताच्या हाती पोचण्याआधीच रुखमाबाईंनी घेतली आणि आपल्या कमरेच्या बटव्यात घालून बटव्याला दुहेरी गाठ मारली.

आता तुम्हाला वाटेल, गाव पेटून उठलं असेल. छे. कोणीतरी मागून म्हणालं, "रामदूत मेला म्हून बिमारी वापस आली असन." महाराजांनी तो धागा चटकन उचलला, "वही तो, वही तो," आणि निम्म्या मांडवाने मान डोलावली. ज्याने मुंडण अर्धं केलं होतं तो परत न्हाव्यापुढे जाऊन बसला, कारण अर्धं डोकं घेऊन फिरणार कुठे? तिरडी निघाली. भजनं झाली. फक्त रुखमाबाई गेल्या नाहीत आणि जंगू गेला नाही. महाराज त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून निघाले. पुढे आरमोरीजवळ वनखात्याच्या लोकांनी त्यांना धरलं. गुन्हा लागला तो वानर बाळगल्याचा. वानराला छळल्याबद्दल कायद्यात कलम होतं. प्रफुलने तलावात टाकलेल्या गोळ्यांचा गुन्हा लिहायला कोणाकडे कलम नव्हतं, आणि तक्रार द्यायलाही कोणी गेलं नाही.

ज्येष्ठात रुखमाबाईंनी सुनेला बैलगाडीने दवाखान्यात आणलं. पहिल्या कळेला त्यांनी बटव्याची गाठ सोडून गोळी तिला दिली होती आणि वाटेत तीनदा विचारलं होतं की ती पोटात राहिली ना. मुलगी झाली, आचल. तिला थेंब पाजले.

प्रफुलने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण तोवर छातीत क्षय शिरला होता. श्रावणात तो गेला. त्याला खांदा द्यायला कोसमटोल्यातून चार माणसं मिळाली नाहीत. बिमारीचा मुडदा म्हणून लोक दारं लावून बसले. वानरासाठी भादरलेल्या त्यांच्या डोक्यांवर केस अजून पुरते वाढलेही नव्हते. जंगू आला, साधना आली, दवाखान्याचा ड्रायव्हर आला, आणि चौथा खांदा त्या म्हातारीने, रुखमाबाईंनी, स्वतः दिला. मुलाला आंघोळ घालताना ती एवढंच म्हणाली, "डबा मीच देल्ला होता व त्याच्या हातात."

आचलचं काय, ते लगेच कळणार नव्हतं. आईचं प्रतिद्रव्य बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतं. तोवर कार्ड काढलं तर निरोगी बाळावरही दोन रेघा येतात. साधनाने ते रुखमाबाईंना समजावून सांगितलं, तरी त्या दर महिन्याला विचारायच्या.

"तो लबाड पाव घंट्यात सांगे. तुमी दीड साल लावता."

"खरं सांगायले तेवढा वेळ लागते, बाई."

पुढच्या वर्षीच्या पौषात कार्ड काढलं. एक रेघ आली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, एकच राहिली. कुंताने विचारलं, "ही खरी हाय ना?" साधनाने पाकिटातून दुसरं, वेगळ्या कंपनीचं कार्ड काढून तिच्यासमोर पुन्हा तपासलं. तेही तसंच आलं.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. ही बातमी गावात पोचली आणि गाव म्हणालं, पाहा, रामदूताने लेकराची बिमारी नेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते म्हणतात, इथे तर कावळा मरून दीड वर्ष झालं होतं. वानर पुरलं तिथे ओटा बांधला गेला, आणि हनुमान जयंतीला त्या ओट्यावर नारळ फोडायला कुंताला आणि आचलला बोलावणं आलं. ज्यांनी प्रफुलला खांदा दिला नव्हता तेच बोलवायला आले होते.

कुंता गेली. आचलला कडेवर घेऊन ओट्यावर चढली आणि तिने नारळाऐवजी माईक घेतला. तिला भाषण येत नव्हतं. ती गावाकडे पाहून सरळ बोलली.

"माह्या पोरीची बिमारी रामदूतानं नेली म्हन्ता. तं माहा नवरा तुमच्यासंगं त्याच रांगेत होता, त्यानं बी डोकं भादरलं होतं. त्याची काऊन नाई नेली? पोरीले वाचवलं एका गोळीनं, अन् दवाखान्यातल्या थेंबानं. त्याले मारलं ते या तलावात टाकलेल्या गोळ्यायनं. गोळी घेऊन बी सगळेच वाचतेत असं नाई, मॅडमनं मले पयलेच सांगतलं होतं. निम्म्याची बात होती. ज्यानं निम्म्याची बात निम्मी म्हून सांगतली, त्याच्यावर भरोसा ठेवा. जो सोळा आने सांगते, त्याच्यापासून पोरंबाळं दूर ठेवा."

माईक खाली ठेवून ती उतरली. नारळ तसाच राहिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या दिवशी ओट्यावर दुसऱ्या कोणीही नारळ फोडला नाही, आणि पुढच्या महिन्यात कोसमटोल्यातले तिघे जण, एकमेकांना चुकवून, वेगवेगळ्या जीपने साधनाच्या खोलीत तपासणीला आले.

वाचकहो, तुमच्या गावातही ताट येईल. त्यात कार्ड असेल, अंगारा असेल, नाहीतर आणखी नवं यंत्र असेल, आणि सोबत एखादं खरंखुरं कात्रणही असेल. चमत्काराला लगेच नमस्कार करू नका आणि लगेच शिव्याही देऊ नका. पडदा बाजूला करायला सांगा, आणि सुई कोणाच्या बोटाला टोचली ते विचारा. प्रफुलच्या वेळी हे विचारायला कोसमटोल्याला एक महिना उशीर झाला.